हवे ते, लागते ते आणि नसले तरी चालते ते

या वेळच्या टपालात सात पत्रे अशी निघाली, की ज्यांतील प्रश्न निरनिराळे असूनही एकाच शब्दकुळाभोवती फिरत होते. माणसाला जे हवे असते आणि ज्यावाचून त्याचे चालत नाही, त्याला मराठीत काय म्हणावे, हा त्या सर्वांचा विषय आहे. म्हणून या अंकात दुसरे प्रश्न बाजूला ठेवून ही सात पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. ‘मला पुस्तक हवे’, ‘मला पुस्तक पाहिजे’ आणि ‘मला पुस्तक लागते’ ही तीन वाक्ये एका विद्यार्थ्याने समानार्थी म्हणून लिहिली. पहिली दोन मी मान्य केली आणि तिसरे चूक ठरवले, परंतु ते चूक का आहे हे मला त्याला नीट सांगता आले नाही. आपण यावर प्रकाश टाकाल का?

उत्तर: तिसरे वाक्य चूक नाही, ते वेगळ्या प्रसंगाचे आहे, आणि आपल्याला जे खटकले ते नेमके हेच असावे. ‘हवे’ आणि ‘पाहिजे’ यांत बोलणाऱ्याची ओढ असते. ‘लागते’ मध्ये कामाची अट असते. ‘मला वाचायला चष्मा लागतो’ असे म्हणणाऱ्या माणसाला चष्मा आवडत असेलच असे नाही, किंबहुना तो त्याला नकोसाही असेल. उलट ‘मला तो चष्मा हवा आहे’ असे म्हणणाऱ्याची दृष्टी उत्तम असू शकते. त्यामुळे ‘मला झोपण्यापूर्वी पुस्तक लागते’ हे वाक्य शुद्ध आहे, कारण तेथे पुस्तकावाचून झोप येत नाही ही सवयीची अट सांगितली आहे.

हा भेद विद्यार्थ्यांना पटवायचा असेल, तर वाक्ये नकारार्थी करून दाखवावीत. ‘मला औषध नको’ आणि ‘मला औषध लागत नाही’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली, की वर्गातील कोणीही ती एक मानणार नाही. पहिल्यात नकार आहे. औषधाची गरज असूनही तो दिलेला असू शकतो. दुसऱ्यात नकाराचा प्रश्नच नाही, औषधावाचून चालते एवढीच माहिती आहे. होकारात जवळजवळ बसलेले शब्द नकारात असे दूर जातात, म्हणून समानार्थी शब्दांची परीक्षा नकारात घ्यावी असे माझे मत आहे.

मात्र एक सूट लक्षात ठेवावी लागेल. ‘ला’ प्रत्यय लागलेला शब्द माणसाचा नसून वस्तूचा किंवा कामाचा असेल, तर ‘हवे’ सुद्धा ओढ सोडून अटीकडे झुकते. ‘या कामाला तीन माणसे हवीत’ येथे कामाला मन नाही, त्यामुळे अर्थ ‘लागतात’ च्या अगदी जवळ येतो. तरीही ‘लागतात’ हे अनुभवाने कळलेले वास्तव आहे, तर ‘हवीत’ मध्ये बोलणाऱ्याचे मत थोडे मिसळलेले राहते.

आता या तिन्ही वाक्यांत जे समान आहे, तेही विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे. तिन्हींत हवी असलेली वस्तू पुढे येते, क्रियापद तिच्याप्रमाणे चालते आणि ज्याला ती हवी आहे तो माणूस ‘मला’, ‘तिला’, ‘त्यांना’ असा चतुर्थीत मागे उभा राहतो. ‘मी इच्छितो’ अशी रचना मराठीत आहे, परंतु ती अर्जात आणि भाषणात राहिली. रोजच्या बोलण्यात माणूस इच्छा करीत नाही, त्याला इच्छा होते, भूक लागते, आठवण येते. ओढ आपण निर्माण करीत नाही, ती आपल्याला येऊन भिडते, असे या रचनेत गृहीत आहे, आणि मला ते अनुभवाशी प्रामाणिक वाटते.

‘पाहिजे’ या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह आवरत नाही. हे ‘पाहणे’ या क्रियापदाचे जुने कर्मणी रूप आहे. संस्कृतातील कर्मणी ‘य’ प्राकृतात ‘इज्ज’ झाला आणि जुन्या मराठीत ‘इजे’ असा उरला. ‘कीजे’ म्हणजे केले जाते, ‘दीजे’ म्हणजे दिले जाते, आणि आपण आज क्षणोक्षणी वापरतो तो ‘म्हणजे’ हा शब्दही मुळात ‘म्हणिजे’, अर्थात ‘म्हटले जाते’, असा आहे. त्या हिशेबाने ‘पाहिजे’ चा मूळ अर्थ ‘पाहिले जाते’ असा होतो. जे नाही आणि ज्याच्याकडे डोळे लागले आहेत, ते पाहिले जाते, म्हणजेच पाहिजे. हा योगायोग नाही, कारण शेजारच्या गुजरातीतही ‘पाहिजे’ साठी ‘जोइए’ हा शब्द आहे आणि ‘जोवुं’ म्हणजे पाहणे.

एकदा हे ध्यानात आले, की आणखी कितीतरी शब्द त्याच वाटेने आलेले दिसतात. ‘अपेक्षा’ या शब्दात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. ‘प्रतीक्षा’ म्हणजे कोणाच्या तरी दिशेने पाहत राहणे, आणि ‘उपेक्षा’ म्हणजे पाहूनही न पाहिल्यासारखे करणे. ‘यापेक्षा ते बरे’ असे म्हणताना आपण जो ‘पेक्षा’ लावतो, तोही ‘अपेक्षा’ चाच झिजलेला अवशेष आहे. ‘मागणे’ हे क्रियापद संस्कृतातील ‘मार्ग्’ म्हणजे शोधणे या धातूकडून आले, त्यामुळे मागणी आणि मार्ग हे दोन शब्द एकाच घरातले आहेत. ‘इच्छा’ ज्या ‘इष्’ धातूपासून झाली, त्याच्याच कुळात ‘अन्वेषण’ म्हणजे शोध हा शब्द येतो. आणि ‘गवेषणा’ हा विद्वत्तेचा शब्द मुळात गाईंच्या शोधाचा आहे. पाहणे, शोधणे आणि हवेसे वाटणे या तीन गोष्टी आपल्या पूर्वजांनी फार वेगळ्या मानलेल्या नाहीत.

प्रश्न: मी मुद्रितशोधनाचे काम करते. ‘पुस्तके पाहिजे’ की ‘पाहिजेत’, ‘वह्या हवे आहेत’ की ‘हव्या आहेत’, यावर लेखकांशी वारंवार वाद होतो. ‘तू अभ्यास केला पाहिजेस’ हे रूप तर अनेकांना चुकीचेच वाटते. नियम काय आहे?

उत्तर: ‘हवा’ हा शब्द विशेषणासारखा चालतो, म्हणून त्याला लिंग आणि वचन दोन्ही लागतात: पंखा हवा, वही हवी, पुस्तक हवे, पंखे हवेत, वह्या हव्यात, पुस्तके हवीत. ‘आहे’ जोडल्यास ‘हव्या आहेत’, ‘हवी आहेत’ असे होते. ‘पाहिजे’ हे जुन्या वर्तमानकाळाचे क्रियापदरूप असल्यामुळे त्याला लिंग नाही, फक्त वचन आहे. म्हणून पंखा, वही, पुस्तक या तिन्हींना ‘पाहिजे’ आणि अनेकवचनात सर्वांना ‘पाहिजेत’. बोलण्यात हा शेवटचा ‘त’ गळतो; लेखनात तो ठेवावा.

‘केले पाहिजे’ या जोडरूपात पहिला शब्द कर्माप्रमाणे बदलतो: तिने पत्र लिहिले पाहिजे, वही आणली पाहिजे, पत्रे लिहिली पाहिजेत. ‘तू’ हा कर्ता असताना येणारा ‘स’ जुन्या वर्तमानकाळातील द्वितीय पुरुषाचा आहे आणि ‘तू अभ्यास केला पाहिजेस’ हे रूप पूर्णपणे शुद्ध आहे. ते खोडू नये.

‘नको’ विषयी मात्र सावध राहावे. ‘त्याला जायला नको’ याचे दोन अर्थ होतात: त्याने जाणे योग्य नाही, किंवा त्याला जाण्याची गरज नाही. प्रश्न विचारताच अर्थ उलटतो, कारण ‘जायला नको का?’ असे विचारणाऱ्याला जायला हवे असेच म्हणायचे असते. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून हे कळते. छापील मजकुरात कळत नाही. म्हणून नियमावलीत किंवा सूचनापत्रात हे वाक्य आढळल्यास, ‘जाऊ नये’ म्हणायचे आहे की ‘जाण्याची गरज नाही’, हे लेखकाला विचारल्यावाचून मजकूर पुढे सोडू नये.

प्रश्न: मी यंत्रांच्या सूचनापुस्तिकांचे आणि सरकारी अर्जांचे भाषांतर करतो. आवश्यक, अत्यावश्यक, अनिवार्य, अपरिहार्य, बंधनकारक, सक्तीचे, ऐच्छिक आणि वैकल्पिक हे शब्द मला एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. यांच्यात काही क्रम आहे का, की ही केवळ लेखकाची आवड आहे?

उत्तर: क्रम नाही, परंतु भेद निश्चित आहे, आणि आपल्या कामात तो पाळला नाही तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. मी स्वतः अशा वेळी एकच प्रश्न विचारतो: ही गोष्ट नसेल तर बिघडेल काय? काम बिघडणार असेल तर ती आवश्यक आहे. नियम मोडणार असेल तर ती बंधनकारक आहे. काहीही केले तरी जी होणारच, ती अपरिहार्य आहे.

‘अपरिहार्य’ चा गैरवापर सर्वांत अधिक होतो. जे टाळता येत नाही ते अपरिहार्य. ते हवे असण्याशी किंवा उपयोगी असण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. यंत्राची झीज अपरिहार्य आहे, पण ती आवश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. तेल घालणे आवश्यक आहे, पण ते अपरिहार्य नाही, कारण माणसे ते सर्रास टाळतात. ‘यशासाठी मेहनत अपरिहार्य आहे’ अशी वाक्ये आता रूढ झाली आहेत आणि त्यांचा अर्थ कळतोही, तथापि सूचनापुस्तिकेत हा शब्द केवळ न टळणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवावा.

‘अनिवार्य’ म्हणजे ज्याचे निवारण करता येत नाही ते. मूळ अर्थाने हा शब्द अपरिहार्यच्या शेजारचा आहे, पण हिंदीच्या प्रभावाने आज तो नियमाने लादलेल्या गोष्टींसाठी वापरला जातो. मराठीला त्यासाठी ‘बंधनकारक’ आणि ‘सक्तीचे’ हे दोन चांगले शब्द आहेत. पहिल्यात नियमाचे बंधन आहे आणि दुसऱ्यात, फारसीतील ‘सख्त’ म्हणजे कठोर या मुळाला धरून, नियम राबवणाऱ्याचा कठोरपणा आहे. म्हणून अर्जावर ‘ही माहिती देणे बंधनकारक आहे’ असे लिहावे. ‘सक्तीचे’ हा शब्द वाचणाऱ्याला दरडावल्यासारखा लागतो. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी, की ‘अनिवार’ हे त्याचेच भावंड मराठीत नियमाकडे कधी गेलेच नाही, ते ओढीकडे राहिले: अनिवार इच्छा, अनिवार ओढ, अनिवार हसू.

‘अत्यावश्यक’ हा शब्द अति आणि आवश्यक यांचा संधी आहे, आणि त्यातला ‘आ’ दीर्घ का याचे उत्तर मुळातच आहे. ‘अवश्य’ म्हणजे जे कोणाच्या वशात नाही ते. त्यापासून ‘आवश्यक’ होताना पहिला स्वर दीर्घ होतो, म्हणून ‘अवश्यक’ हे लेखन अशुद्ध ठरते. एका पुस्तिकेत पंचवीस गोष्टी अत्यावश्यक म्हटल्या, तर त्यांतील एकीलाही ‘अति’ उरत नाही, एवढे मात्र संबंधितांना आवर्जून सांगावे. जेथे वेळ हातातून जात आहे तेथे ‘निकडीचे’ किंवा ‘तातडीचे’ हे शब्द अधिक नेमके आहेत, कारण आवश्यकता महिनोन्महिने असू शकते आणि निकड आजची असते.

‘ऐच्छिक’ आणि ‘वैकल्पिक’ यांतला भेद सोपा आहे. ऐच्छिक गोष्ट मुळीच न करण्याची मुभा असते. वैकल्पिक गोष्टींपैकी एक तरी निवडावी लागते. अर्जातील रकाना ऐच्छिक असेल तर तो रिकामा सोडता येतो, वैकल्पिक असेल तर दोहोंपैकी एक भरावाच लागतो.

प्रश्न: ‘गरज’ हा शब्द परकीय असल्याचे वाचले. मग लेखनात त्याऐवजी ‘आवश्यकता’ वापरणे अधिक योग्य नव्हे काय? आमच्या वाचक मंडळात यावर दोन तट पडले आहेत.

उत्तर: माझे मत दुसऱ्या तटाकडे, म्हणजे ‘गरज’ च्या बाजूला आहे. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला हे खरे. तेथे त्याचा अर्थ हेतू, उद्दिष्ट आणि त्यातून स्वार्थ असा होता, आणि हिंदी-उर्दूतील ‘खुदगर्ज’ या शब्दात तो स्वार्थ अजून ऐकू येतो. मराठीने त्यातला स्वार्थ बराचसा गाळला आणि नड तेवढी ठेवली. पुढे त्याला आपले प्रत्यय लावून ‘गरजू’ आणि ‘गरजवंत’ घडवले, ‘गरज सरो वैद्य मरो’ आणि ‘गरजवंताला अक्कल नसते’ अशा म्हणी त्याच्याभोवती रचल्या. ज्या शब्दाला भाषेने म्हणी दिल्या, त्याला परका म्हणणे मला जमत नाही. मेघांचे ‘गरजणे’ मात्र संस्कृत ‘गर्ज्’ पासून आलेले आहे आणि त्याचा या गरजेशी काही संबंध नाही.

शिवाय ‘गरज’ आणि ‘आवश्यकता’ यांचे काम एक नाही. गरज माणसाची असते, आवश्यकता बहुधा परिस्थितीची. ‘तिला आधाराची गरज आहे’ या वाक्यात ती समोर दिसते. ‘तिला आधाराची आवश्यकता आहे’ असे म्हटले की तिच्याविषयीचा अहवाल वाचल्यासारखा वाटतो. उलट ‘या तरतुदीत बदल करण्याची आवश्यकता आहे’ हे वाक्य ठीक उतरते. दोन्ही शब्द राहू द्यावेत आणि त्यांना आपापली जागा द्यावी.

आपल्या मंडळाला चर्चेसाठी आणखी एक गोष्ट सुचवतो. अरबी वळणाचा ‘जरूर’ आणि संस्कृत वळणाचा ‘अवश्य’ यांची तुलना करून पाहावी. ‘जरूर या’ आणि ‘अवश्य या’ या दोन्हींचा अर्थ ‘नक्की या’ असा होतो, आणि ‘त्याची जरूर नाही’, ‘ते आवश्यक नाही’ यांत दोन्ही शब्दकुळे गरजेचा अर्थ देतात. परस्परांशी नाते नसलेल्या दोन भाषांनी निश्चिती आणि गरज या दोन कल्पना एकाच शब्दात बांधल्या, कारण ज्यावाचून चालत नाही ते झालेच पाहिजे हा विचार दोहोंत सारखा आहे. (‘जरूर’ मधला ‘रू’ दीर्घ आणि ‘जरुरी’ मधला ‘रु’ ऱ्हस्व, हे लेखनात सांभाळावे, ‘गरीब’ आणि ‘गरिबी’ यांचा नियम तोच आहे.)

परकीय म्हणून आलेले शब्द मराठीत किती बदलतात, याचे माझ्या आवडीचे उदाहरण ‘हौस’ हे आहे. अरबीत ‘हवस’ म्हणजे वेड, नाद. हिंदीत त्याला वासनेची छटा आली. आणि मराठीत तोच शब्द निर्मळ होऊन ‘हौसेला मोल नाही’ असे कौतुकाने म्हणण्याइतका घरचा झाला. ‘दरकार’ चेही असेच आहे. फारसीत त्याचा अर्थ गरजेचा होता, मराठीत ‘त्याला कशाची दरकार नाही’ असे म्हणताना आपण पर्वा या अर्थाने तो वापरतो. ज्याची गरज नाही त्याची पर्वाही नाही, हा प्रवास समजण्यासारखा आहे.

या शब्दांसोबत कोणते क्रियापद येते, तेही पाहण्यासारखे आहे. गरज भागते, इच्छा पुरी होते, हौस फिटते, नड निघते, मागणी मान्य होते, अपेक्षेचा मात्र भंग होतो. भूक आणि तहान याही भागतात, त्यामुळे गरज ही शरीराच्या बाजूची ठरते. हौस फिटते आणि ऋणही फिटते, जणू हौस हे स्वतःचे स्वतःकडे असलेले देणे आहे. ‘हौस भागते’ असेही बोलले जाते, पण ‘गरज फिटते’ असे कोणी म्हणत नाही. भाषेने हा भेद कोणत्याही व्याकरणकाराला न विचारता केलेला आहे.

प्रश्न: अर्थशास्त्राच्या अभ्यासात ‘इच्छा’, ‘गरज’ आणि ‘मागणी’ हे तीन शब्द काटेकोरपणे वेगळे करायला सांगतात. बोलण्यातल्या मराठीत मात्र तसे होत नाही. हा भेद कृत्रिम आहे का?

उत्तर: तो शास्त्राच्या सोयीचा आहे, पण कृत्रिम नाही. अर्थशास्त्रात एखाद्या इच्छेला मागणी म्हणण्यासाठी इच्छेसोबत क्रयशक्ती आणि ती खर्च करण्याची तयारी अशा दोन गोष्टी असाव्या लागतात. मराठी शब्दाला हा भार पेलतो, कारण इच्छा मनातल्या मनात असू शकते, तर मागणे ही कृती आहे आणि ती दुसऱ्यापर्यंत पोहोचावी लागते. म्हणून उपाशी पण हातात काही नसलेल्या माणसाला अन्नाची गरज आहे, तरी अर्थशास्त्राच्या भाषेत त्याची अन्नाला मागणी नाही, हे वाक्य ऐकायला निष्ठुर असले तरी शास्त्रदृष्ट्या बरोबर ठरते. बाजारात मागणी नाही म्हणून गरज नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्यांना हा भेद वेळोवेळी दाखवून द्यावा लागतो.

प्रश्न: मी पदवीच्या वर्गात शिकतो. जिज्ञासा, पिपासा, मुमुक्षा, शुश्रूषा या शब्दांची घडण एकसारखी वाटते. त्यांच्यात काही समान सूत्र आहे का?

उत्तर: आहे, आणि आपले लक्ष तेथे गेले याचा मला फार आनंद झाला. संस्कृतात कोणत्याही क्रियेची इच्छा सांगण्यासाठी ‘इच्छा’ हा शब्द वेगळा जोडावा लागत नाही. धातूचीच द्विरुक्ती करून त्याला ‘स’ जोडला, की इच्छा त्या क्रियेच्या पोटात शिरते. पाणिनीने या प्रत्ययाला ‘सन्’ असे नाव दिले आहे आणि अशा रूपांना सन्नन्त किंवा इच्छार्थक म्हणतात. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची पिपासा, खाण्याची बुभुक्षा, सुटण्याची मुमुक्षा, जगण्याची जिजीविषा, जिंकण्याची जिगीषा, लढण्याची युयुत्सा. भगवद्गीतेच्या पहिल्याच श्लोकात कुरुक्षेत्रावर जमलेल्यांना ‘युयुत्सवः’ म्हटले आहे, म्हणजे ते लढू इच्छिणारे आहेत. लढाई अजून सुरू व्हायची आहे.

या शब्दांपैकी काहींचा अर्थ मराठीत येईपर्यंत पुष्कळ सरकला. ‘शुश्रूषा’ म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. जो ऐकू इच्छितो तो आज्ञेत राहतो, जो आज्ञेत राहतो तो सेवा करतो, आणि आज आपण रुग्णाची शुश्रूषा करतो. मला स्वतःला या शब्दातला पहिला अर्थ आजही जिवंत वाटतो, कारण रुग्णाचे ऐकून घेतल्यावाचून त्याची सेवा नीट होत नाही. मूळ लक्षात ठेवले तर लेखनही चुकत नाही: धातू ‘श्रु’ आहे, म्हणून पहिला ‘शु’ ऱ्हस्व आणि दुसरा ‘श्रू’ दीर्घ, ‘सुश्रुषा’ हे लेखन अशुद्ध आहे. ‘विवक्षित’ हा शब्दही असाच आहे. ‘विवक्षा’ म्हणजे बोलण्याची इच्छा, त्यामुळे जे सांगायचे मनात आहे ते विवक्षित, आणि त्यातून ‘ठरावीक’ हा आजचा अर्थ निघाला. ‘ईप्सित’ मध्ये ‘आप्’ म्हणजे मिळवणे हा धातू आहे. मिळवावेसे वाटते ते ईप्सित, आणि त्यातला ‘ई’ दीर्घ.

मात्र दिसायला असे असणारे सर्वच शब्द इच्छेचे नसतात. जुगुप्सा, तितिक्षा, चिकित्सा आणि मीमांसा यांतही ‘सन्’ आहे, पण इच्छेचा अर्थ नाही, आणि पाणिनीने त्यांच्यासाठी वेगळी सूत्रे दिली आहेत. त्यामुळे ‘चिकित्सा म्हणजे बरे करण्याची इच्छा’ अशी फोड उत्तरपत्रिकेत करू नये.

मराठीने ही शब्द घडवण्याची पद्धत पुढे चालवली नाही. आपण ‘जाण्याची इच्छा’ साठी नवा सन्नन्त बनवत नाही. त्याऐवजी क्रियापदांच्या जोड्यांनी आपण तेच काम अधिक बारकाईने करतो. ‘जावेसे वाटते’, ‘जायचे आहे’, ‘जायला हवे’, ‘गेले पाहिजे’, ‘जावे लागेल’, ‘जाणे भाग आहे’ ही सहा रूपे ओळीने म्हणून पाहावीत. पहिल्यात मनाची हलकी लहर आहे, दुसऱ्यात ठरवलेला बेत, तिसऱ्यात सल्ला, चौथ्यात कर्तव्य, पाचव्यात बाहेरून आलेली अट, आणि सहाव्यात दुसरा मार्गच उरलेला नाही. इच्छेपासून सक्तीपर्यंतची एवढी लांब वाट मराठी एकाच ‘जाणे’ वर चालून दाखवते, आणि या संपत्तीचा अभिमान आपण सन्नन्तांइतकाच बाळगायला हवा.

प्रश्न: मी एका ग्रंथालयात काम करते. संग्रहात नसलेल्या परंतु आम्ही मिळवू पाहत असलेल्या पुस्तकांची यादी प्रसिद्ध करायची आहे. कोणी ‘वांछित ग्रंथ’ असे शीर्षक सुचवले, कोणी ‘आवश्यक ग्रंथ’, तर कोणी ‘अपेक्षित ग्रंथ’. आपण कोणते निवडाल?

उत्तर: तिन्हींपैकी एकही निवडणार नाही. ‘आवश्यक ग्रंथ’ म्हटले, की ते वाचकाने वाचणे आवश्यक आहे असा समज होईल. ‘अपेक्षित’ म्हटले, तर ते लवकरच येणार आहेत असे वाटेल. ‘वांछित’ हा शब्द सुंदर आहे, आणि ज्ञानेश्वरांनी पसायदानात ‘जो जें वांछील तो तें लाहो’ असे म्हणून त्याच्या क्रियापदाला मराठीत फार मोठी जागा दिली. परंतु आजच्या वाचकाच्या कानाला तो हिंदी बातम्यांतील फरारी आरोपींची आठवण करून देतो. ‘इष्ट’ हाही मूळचा ‘हवे असलेले’ याच अर्थाचा शब्द, पण मराठीत तो ‘योग्य, हितकर’ याकडे वळला आहे, म्हणून ‘इष्ट ग्रंथ’ म्हटल्यास बाकीचे अनिष्ट ठरतील.

माझी सूचना ‘हवी असलेली पुस्तके’ ही आहे. ती साधी आहे, अर्थ एकच निघतो, आणि यादी वाचणाऱ्याकडे एखादी प्रत असेल तर आपल्याला ती द्यावी असे त्याला वाटू शकते.

शक्य असल्यास याद्या दोन कराव्यात. मालिकेतला तिसरा खंड नाही, नियतकालिकाच्या फायलीत मधला अंक नाही, अशा गोष्टी ‘उणिवा’ या शीर्षकाखाली घ्याव्यात, कारण तेथे जागा आहे आणि ती रिकामी आहे. मराठीत नसण्याचेही पुष्कळ प्रकार आहेत: टंचाई आणि तुटवडा पुरवठ्याचा असतो, चणचण हाताशी असलेल्या साधनांची, वानवा एखादी गोष्ट जवळजवळ न मिळण्याची, आणि उणीव पूर्ण व्हायला हव्या असलेल्या गोष्टीतली. आपल्या खंडांना यांपैकी उणीव हाच शब्द शोभतो. जी पुस्तके संग्रहात कधीच नव्हती, पण असावीत असे आपल्याला आणि आपल्या वाचकांना वाटते, ती दुसऱ्या यादीत, ‘हवी असलेली पुस्तके’ म्हणून द्यावीत. प्रत्येक नावापुढे आवृत्ती आणि प्रकाशनवर्ष लिहावे, आणि कोणतीही आवृत्ती चालणार असेल तर तेही तेथेच नमूद करावे, म्हणजे घरातले जुने कपाट उघडणाऱ्याला नेमके काय शोधायचे ते कळेल.